विश्लेषण : अमेरिकेतले स्थळ? पगाराआधी व्हिसा विचारा

लग्नसराई आली की पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ‘मुलगा अमेरिकेत असतो’ हे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागते. मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून येतो. त्यातच साखरपुडा, हॉल, लग्न, देवदर्शन उरकते आणि तो परततो. पत्रिका, पगार, पुण्यातला फ्लॅट, सगळे विचारून झालेले असते. ‘तुम्ही नेमके कोणत्या व्हिसावर आहात?’ एवढाच प्रश्न संकोचाने राहून जातो. मुलीची पुढची दहा वर्षे पगारापेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिसाने एवढा काय फरक पडतो?

मुलगा एच-१बी व्हिसावर असेल तर पत्नीला एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते. नोकरी करता येत नाही. कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळण्याची सोय मे २०१५ पासून आहे, पण सरसकट नाही. मुलाच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे त्याला एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे मुदतवाढ मिळालेली हवी. म्हणून बैठकीत विचारायचा खरा प्रश्न ‘तिकडे नोकऱ्या मिळतात ना?’ हा नाही. ‘आय-१४० मंजूर आहे का?’ हा आहे. मंजुरीचे पत्र दाखवता येते. ते मागण्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. आपण मुलीची पगाराची स्लिप मागतोच की.

परवाना मिळाला तरी निर्धास्त होऊ नये. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या परवान्याला आपोआप मुदतवाढ मिळे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी ती बंद झाली. जुने कार्ड संपले आणि नवे आले नाही तर काम थांबते. अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, तो तेव्हाच करावा.

‘ग्रीन कार्ड होईलच आता’ या वाक्यावरही फार विसंबू नये. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे नेहमीच्या प्रवर्गांतल्या भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

मुलगा अमेरिकी नागरिक असेल तर चित्र पालटते. पत्नीला संख्येची मर्यादा लागत नाही आणि स्थलांतरित व्हिसावर उतरल्या दिवसापासून काम करता येते. प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर मिळणारे कार्ड दोन वर्षांपुरते, सशर्त असते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो.

खरी मेख आहे ती ग्रीन कार्डधारक मुलाच्या बाबतीत. नोकरीतून ग्रीन कार्ड हाती पडण्याआधी लग्न झालेले असेल तर पत्नीला त्याच अर्जाच्या आधारे मागाहून जाता येते. ग्रीन कार्ड आधी आणि लग्न नंतर, तर तिला एफ-२ए या वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते आणि तोवर नवरा तिकडे, बायको इकडे. मुहूर्त काही महिन्यांनी अलीकडे-पलीकडे झाला तरी एवढा फरक पडतो. रांग टाळण्यासाठी ‘टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचे तिकडे बघू’ असा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचे ऐकू नये. हेतू लपवून व्हिसा घेतल्याचे ठरले तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते.

रजेचे गणित का चुकते?

मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर लग्नाला आलेल्या मुलालाही परतण्यासाठी इथे मुलाखत द्यावी लागते. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासली जाऊ लागली. त्यासाठी खाती सार्वजनिक ठेवावी लागतात. भारतातल्या अनेक मुलाखती त्या वेळी थेट पुढच्या वर्षावर ढकलल्या गेल्या. तेव्हा व्हिसा हातात पडेपर्यंत मुलीने इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. सासरची घाई असली तरीही.

रजेतला एक दिवस विवाह नोंदणीसाठी राखून ठेवावा. हॉलची पावती आणि अल्बम म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी होते : अंधेरी पश्चिमेला के-पश्चिम, बोरिवलीला आर-मध्य, घाटकोपरला एन, मुलुंडला टी. वधू-वर, साक्षीदार आणि भटजींच्या सह्या लागतात. नवरा परत गेला की तेच काम महिनोन् महिने अडते. स्थलांतरित व्हिसासाठी जन्मदाखलाही लागतो. अनेकींच्या जुन्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते, ते आधी घालून घ्यावे.

आणि नाव. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याचा सोहळा हौसेने करावा, पण तो ताटातच ठेवावा. पासपोर्टवर एक नाव, पदवीवर दुसरे, लग्नाच्या दाखल्यावर तिसरे, असे झाले की प्रत्येक खिडकीवर खुलासे देत बसावे लागते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. सासूबाईंना हे नवऱ्याने सांगावे.

बिनसले तर?

शुभकार्याच्या वेळी हे बोलू नये म्हणतात; मला वाटते तेव्हाच बोलावे. घटस्फोट झाला की एच-४ चा आधार जातो. मात्र छळ होत असेल तर एच-४ वरील पत्नीला कामाच्या परवान्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. पती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर ती त्याच्या सहीविना स्वतःचा अर्ज करू शकते. तातडीच्या वेळी ९११. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई महिलांसाठी काम करते. इथे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९ पासून आहे.

अमेरिकी कोर्टाने दिलेला प्रत्येक घटस्फोट भारतात ग्राह्य नसतो. लग्न ज्या कायद्याखाली झाले त्यातली कारणे आणि पत्नीचा खरा सहभाग किंवा संमती पाहिली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. त्यामुळे तिकडची नोटीस आली तर ती दुर्लक्षूही नये आणि वकिलाला न विचारता उत्तरही देऊ नये. आपणहून हजर राहिलात तर ते अधिकारक्षेत्र मान्य केल्यासारखे ठरू शकते.

अनिवासी भारतीयांच्या विवाहांची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. तोवर मुलीचा पासपोर्ट मुलीच्याच पर्समध्ये राहू द्या आणि विवाह प्रमाणपत्र, व्हिसा, मुलाचा आय-१४० यांच्या स्कॅन प्रती निघण्याआधी माहेरच्या ई-मेलवर पाठवून ठेवा.