स्वस्ताई कोणाच्या जिवावर?



यंदा वर्षभर एक वाक्य कानावर येत राहिलं आणि दर वेळी टोचत राहिलं. ‘पोर्तुगालचं बघा. ऊन भरपूर, माणसं शांत आणि सगळं स्वस्त. पेन्शनमध्ये आरामात भागतं.’ लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या फेरफटक्यात, सोसायटीच्या सभेनंतरच्या चहावर हेच. बोलणारी माणसं परकी नाहीत. तीस-पस्तीस वर्षं इमानाने नोकरी केलेली, या दिवाळी अंकाची वर्षानुवर्षं वाट पाहणारी माणसं आहेत. म्हणून हे त्यांच्याशीच बोलायचं आहे.

परदेशी जाण्याला या अंकाने कधी नाक मुरडलेलं नाही. शिवाय आज लोकांना निघावंसं वाटतं त्याची कारणं खरी आहेत. उन्हाची आपल्याकडे वानवा नाही. स्वीडन-फिनलंडचा पेन्शनर उन्हासाठी पोर्तुगालच्या अल्गार्व किनाऱ्यावर जातो. पुण्या-मुंबईच्या माणसाला ओढ असते ती चालता येईल अशा फुटपाथची, छातीभर घेता येईल अशा हवेची, रात्री एकट्या बाईला निर्धास्त उभं राहता येईल अशा बसथांब्याची. या अपेक्षांत गैर काहीच नाही. टोचतं ते स्वस्ताईचं कौतुक.

देश आपोआप स्वस्त होत नाही. तिथल्या माणसाच्या हाती पैसा कमी पडतो, म्हणून बाहेरून पैसा घेऊन येणाऱ्याला तो स्वस्त वाटतो. पोर्तुगालमध्ये २०२५चं किमान वेतन महिना ८७० युरो होतं. पेन्शन किंवा घरभाड्याच्या उत्पन्नावर तिथे राहायला जाणारे ज्या ‘डी ७’ व्हिसासाठी अर्ज करतात, त्याची उत्पन्नाची अटही त्या वर्षी तेवढीच होती, म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या आसपास. लॅपटॉपवरून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२२मध्ये आणखी एक व्हिसा आला. त्याला किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५मध्ये महिना ३,४८० युरो लागत. आणि लिस्बनच्या मध्यवस्तीत वन बीएचकेचं भाडं हजार युरोंच्या वर गेलं आहे. दिवसभर दुकानात उभं राहून ८७० युरो मिळवणारी मुलगी आणि ३,४८० युरोंचा पाहुणा एकाच घराची चौकशी करतात. तिथे वर्षाला चौदा पगार मिळतात हे धरूनही, घर कोणाला मिळणार हे उघड आहे.

हे नशिबाने घडलेलं नाही. २०११मध्ये कर्जात बुडालेल्या पोर्तुगालला ७८ अब्ज युरोंचं साहाय्य घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी जुन्या भाडेकरूंचं संरक्षण सैल झालं आणि पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना मिळू लागला. बाहेरून येणाऱ्यांच्या पेन्शनवर कर माफ होता. फिनलंडने तर चिडून पोर्तुगालबरोबरचा कराचा करारच मोडला. अल्फामासारख्या लिस्बनच्या जुन्या आळ्यांतून म्हातारे भाडेकरू गेले, तिथे पर्यटकांच्या खोल्या आल्या. १ एप्रिल २०२३ला हजारो लोक राहायला घर द्या म्हणत रस्त्यावर उतरले. त्या ऑक्टोबरात मालमत्ता घेऊन परवाना मिळवण्याची वाट बंद झाली. तोवर शहर हातचं गेलं होतं.

याच देशात दुसरे भारतीयही राहतात. दक्षिणेकडच्या ओदेमिरा भागात प्लास्टिकच्या हरितगृहांत बेरी तोडणारे भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मजूर एकेका घरात किती दाटीवाटीने राहतात, हे २०२१मध्ये कोविडमुळे तिथल्या दोन गावांची नाकेबंदी झाली तेव्हा देशाला दिसलं. १९ डिसेंबर २०२४ला लिस्बनच्या रुआ दो बेनफोर्मोसो या गल्लीत पोलिसांनी दक्षिण आशियाई माणसांना भिंतीकडे तोंड करून रांगेने उभं केलं. भाज्या, फळं, घरपोच जेवण स्वस्त राहतं ते यांच्या मजुरीमुळे. आपल्या गप्पांत यांचा उल्लेख कधी येत नाही.

गोमंतकीयांना हे सगळं आधीच कळलं होतं. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. हजारोंनी तो सांगितला. त्यांतले कितीतरी लिस्बनला थांबले नाहीत. पासपोर्ट हातात पडताच इंग्लंडात स्विंडनला, साउथॉलला कामाला गेले. ज्यांना पोट भरायचं होतं, त्यांना त्या स्वस्त देशात पगार दिसला नाही.

आणि मागे गोव्यात काय चाललं आहे? आसगाव, मयडे, साळगावची जुनी घरं दिल्ली-मुंबईचे लोक विकत घेत आहेत. म्हापशात नोकरी करणाऱ्या पोराला स्वतःच्याच गावात भाड्याची जागा परवडेनाशी झाली आहे. सिंधुदुर्गात सातबाऱ्यावरची नावं बदलत आहेत. त्याबद्दल आपण हळहळतो, भाषणं करतो, या अंकातही लिहितो. मग लिस्बनच्या त्या मुलीच्या गावात आपण तेच करायला निघालो, तर त्याला हुशारी म्हणता येणार नाही.

घर गमावण्याच्या आणि घरी परतण्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत.  सप्टेंबर २०२५च्या पुराने मराठवाड्यात शेतं आणि संसार धुऊन नेले. त्याच वर्षी मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले; केंब्रिज सोडून १९७२मध्ये ते इथे परतले आणि पुण्यात त्यांनी एक संस्था उभी केली. यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. पुरात वाहून गेलेली, वाटणीत अडकलेली, सोडून दिलेली, नव्याने बांधलेली घरं पुढच्या पानांवर भेटतील.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी जरूर जावं. तिथली भाषा शिकावी, कर भरावा, कुलूप लावून ठेवायला घर घेऊ नये. आणि ज्यांना फक्त फुटपाथ, हवा आणि सुरक्षित रस्ता हवा आहे त्यांच्यासाठी एक आठवण. मुंबई-पुण्याच्या महापालिकांत मार्च २०२२नंतर कित्येक वर्षं लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. स्थानिक निवडणुका ३१ जानेवारी २०२६पर्यंत उरका, असं शेवटी सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं. फराळ आटोपला की मतदार यादीत आपलं नाव बघा. उमेदवार दारात आला की फुटपाथचा हिशेब मागा. मतदानाच्या दिवशी कुठेही जाऊ नका.