विश्लेषण : उमापूरसारख्या गावात डिजिटल फलक लावताना नेटवर्कची सुरक्षा का महत्त्वाची?

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात ग्रामपंचायतीने सूचनांसाठी डिजिटल फलक लावायचे ठरवले, तर चर्चा होते ती पडद्याच्या आकाराची आणि किमतीची. खरा प्रश्न मात्र पडद्यामागच्या लहानशा डब्याचा, म्हणजे ‘मीडिया प्लेअर’चा असतो. तो कोणत्या नेटवर्कला जोडला आहे आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, यावर पडद्यावर काय दिसेल हे ठरते.

आधी काय घडले आहे?

एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीच्या राजीव चौक मेट्रो स्थानकातील जाहिरातीच्या पडद्यावर अश्लील चित्रफीत दिसली. मार्च २०२३ मध्ये पाटणा रेल्वे स्थानकावरही तसेच घडले. ऑगस्ट २०२२ मध्ये नॅन्सी पेलोसी यांच्या भेटीच्या वेळी तैवानमधील दुकानांच्या पडद्यांवर त्यांच्याविरोधातील मजकूर झळकला. पडदा सार्वजनिक असला की चूक लपत नाही. निवडणुकीच्या किंवा तणावाच्या दिवसांत एक खोटी सूचनाही महागात पडू शकते.

इंटरनेट किती वेगवान हवे?

वाटते तितके नाही. ८ एमबीपीएस दर्जाची ३० सेकंदांची चित्रफीत साधारण ३० एमबीची होते. अशा दहा चित्रफिती म्हणजे ३०० एमबी. २ एमबीपीएसच्या जोडणीवर त्या २० मिनिटांत उतरतात, पण थेट दाखवायला गेल्यास चित्र अडकत राहते. म्हणून रात्री उतरवून डब्यातच साठवणारा प्लेअर गावासाठी योग्य. जोडणी तुटली तरी फलक चालू राहतो.

कोणते दरवाजे उघडे ठेवायचे?

प्लेअर स्वतःहून सर्व्हरशी बोलतो. त्यासाठी बाहेर जाणारे पोर्ट ४४३, पत्ता शोधण्यासाठी डीएनएस आणि घड्याळ जुळवण्यासाठी एनटीपीचे पोर्ट १२३ सहसा पुरते. बाहेरून आत येणारे पोर्ट उघडण्याची मागणी पुरवठादाराने केली, तर कारण विचारायलाच हवे. घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण वीज गेल्यावर काही डब्यांची वेळ चुकते. मग सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही आणि फलक सर्व्हरशी जोडलाच जात नाही. तसेच, मोबाइलवर ओटीपी मागणारे सार्वजनिक वायफाय उपयोगाचे नाही. डब्याजवळ ओटीपी टाकायला कुणी नसते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि दाखल्यांचे काम ज्या संगणकावर चालते, त्याच नेटवर्कला फलक जोडणे. चौकातल्या डब्याला हात लागला की कार्यालयाच्या कागदपत्रांपर्यंत वाट मिळू शकते. उपाय साधा आहे : राउटरवर फलकासाठी वेगळे नेटवर्क, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे, यूएसबी बंद आणि डबा कुलपात.

जबाबदारी कुणाची?

‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. म्हणून पासवर्ड कुणाकडे राहील, अद्ययावतीकरण कोण करेल आणि बिघाड झाल्यास पडदा कोण बंद करेल, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे लागते. फलक लावून ठेकेदार निघून जातो. पडद्यावर जे दिसते त्याचा जाब गावकरी ग्रामपंचायतीलाच विचारतात.