आधी दोरी सोडायला शिकवा

टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर आम्ही काही मराठी कुटुंबं आणि माझ्यासारखे एकटे लोक उन्हाळ्यात मिळून बोट भाड्याने घेतो. डब्यात पोहे, थर्मासमध्ये चहा आणि बोटीमागे वेकबोर्डवर बसवलेलं आठ-नऊ वर्षांचं एखादं पोर. बोटीतून पाच-सहा मोठी माणसं एकदम ओरडतात, "ऊठ! ऊठ! उभा राहा!" निम्म्यांच्या हातात मोबाइल. पोर तोंडावर आपटतं, नाकातोंडात पाणी जातं आणि एखादे बाबा हसत म्हणतात, "काही होत नाही. आम्हाला तर विहिरीत ढकललं होतं."

हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

मुळात 'ऊठ' ही सूचनाच चूक आहे. वेकबोर्डवर आपण उठायचं नसतं, बोटीला उठवू द्यायचं असतं. गुडघे छातीशी, हात सरळ, बोर्ड दोरीला आडवा, आणि गप्प बसून राहायचं. वेग आला की बोर्ड आपोआप पाण्यावर येतो, मग सावकाश पाय सरळ करायचे. घाईने पाय ताणले, दांडी छातीकडे ओढली की पोर पडलंच. म्हणजे ते आपलं ऐकल्यामुळे पडतं! एवढ्या मुलांना ताशी 20-25 किलोमीटर वेग पुरतो, आणि दोरी आखूड हवी. त्याआधी काठावरच्या गवतात बसवून, पायात बोर्ड अडकवून, कोणीतरी दोरी ओढत दहादा सराव करून घ्यायचा. पण त्याचा व्हिडिओ कोण बघणार?

दुसरं म्हणजे, वेकबोर्डचे बूट पडल्यावर सहसा पायातून सुटत नाहीत. पाय जखडलेले असताना पालथ्याचं उताणं होता येणं, हा पहिला धडा. आणि दांडी सोडणं हा दुसरा. भीती वाटली, सोड. नकोसं झालं, सोड. कोणी 'का' विचारणार नाही. घाबरलेलं मूल दांडी आणखी घट्ट धरतं आणि बोट त्याला तोंडावर पाणी घेत फरफटत नेते. टेक्सासच्या कायद्याने 26 फुटांहून लहान चालत्या बोटीत 13 वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. ते सगळे निमूट घालतात. म्हणजे सावधपणाचं वावडं नाही, फक्त घाबरण्याचं आहे.

आता विहिरीबद्दल. मलाही ढकललं होतं, मामाच्या गावी, चौथीच्या सुट्टीत. आम्ही चौघं होतो. दोघं पोहायला शिकले, आणि 'आम्ही असेच शिकलो' हे आज तेच सांगतात. तिसरा पुढची सगळी सुट्टी काठावर बसून बाकीच्यांचे कपडे सांभाळत होता. चौथा मी. इंजिनिअरिंगची चार वर्षं हॉस्टेलची पोरं तलावावर निघाली की मला सबमिशन असायचं. पंचविसाव्या वर्षी, इथे, पैसे मोजून पोहायला शिकलो.

आणि विहिरीची परंपरा म्हणजे ढकलणं, हेही खोटं आहे. त्याच गावात एक म्हातारे आजोबा पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधायचे, पोटाखाली हात धरायचे, आणि दर दोन-चार दिवसांनी डब्यात थोडं पाणी भरून झाकण लावायचे. डबा जड होत जायचा, पोराच्या ध्यानातही यायचं नाही. ती पद्धत आपण विसरलो आणि ढकलणं तेवढं लक्षात ठेवलं, कारण त्यात गंमत बघणाऱ्यांना येते. ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्रॉडक्शनवर सोडणाऱ्याला आपणच मूर्ख म्हणतो ना?

मागच्या महिन्यात मित्राच्या मुलीची पाळी होती. पहिल्या चार वेळा बोट हलताच तिने दांडी सोडली. "अगं, धर ना!" म्हणून तिचा बाबा ओरडला, तेव्हा मी त्याला पुढे, स्टिअरिंगपाशी नेऊन बसवलं. मोबाइल काढून घेतला. पाचव्या वेळी ती वर आली, जेमतेम पाच सेकंद उभी राहिली आणि तिने स्वतःच दांडी सोडून दिली. इंजिन बंद करून तिला वर घेतलं.

"परत जायचंय?"

"नाही. पोहे संपले का?"