प्लॅस्टिकचं तोरण मीच पाठवलं होतं

आधीच सांगतो, हा लेख ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्यात मीही आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या स्टुटगार्टच्या ऑफिसात 'ख्रिसमस रीथ वर्कशॉप' झालं. प्रत्येकापुढे एक खोका. खोक्यात प्लॅस्टिकच्या हिरव्या फांद्यांचं तयार कडं, चार एलईडी मेणबत्त्या, खोट्या लाल बोरांची पुडी आणि ग्लू गन. पंचवीस मिनिटांत सगळ्यांचे रीथ तयार. सगळे एकसारखे. लगेच फोटो ग्रुपवर. खोक्यावर छापलं होतं: वर्षानुवर्षं टिकेल.

माझं भांडण या वाक्याशी आहे. रीथ टिकायला नकोच. तो सुकायला हवा.

जर्मनीत घरोघरी जो रीथ दिसतो तो दारावर नसतो, टेबलावर आडवा ठेवलेला असतो. त्याला 'आडव्हेंट्सक्रान्त्स' म्हणतात. हिरव्या फांद्यांचं कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या. ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांना आडव्हेंटचे रविवार म्हणतात. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही.

याची सुरुवात हॅम्बुर्गमध्ये झाली. योहान हिन्रिश विखर्न नावाच्या धर्मशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये तिथे गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. ख्रिसमसला अजून किती दिवस, हे विचारून मुलं त्याला भंडावून सोडायची, असं सांगतात. १८३९ मध्ये त्याने गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता. २४ तारखेपर्यंत चोवीस दिवस: चार रविवार, वीस इतर वार. रोज एक मेणबत्ती वाढायची. हिरव्या फांद्या नंतर आल्या. कॅथलिक चर्चमध्ये हा क्रान्त्स पोचेपर्यंत तर विसावं शतक उजाडलं.

म्हणजे ही वस्तू मुळात शोभेची नव्हतीच. तो प्रोग्रेस बार होता. थांबून राहणाऱ्या पोरांना दिवस डोळ्यांनी दिसावेत म्हणून केलेला. आजही चौथ्या रविवारी पाहा: पहिली मेणबत्ती बोटाएवढी उरलेली असते, चौथी नवी कोरी, मधल्या दोन पायरीपायरीने. खालच्या सुया करड्या पडायला लागलेल्या. महिना कसा गेला ते टेबलावर दिसतं. एलईडीच्या चार मेणबत्त्या मात्र चौथ्या रविवारीही एकाच उंचीच्या. त्यांना महिना गेल्याचा पत्ताच नसतो.

मी क्रान्त्स बांधायला शिकलो ते आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या आजींकडून. दोन वर्षांपूर्वी जिन्यात त्यांच्या हातातल्या फांद्यांचा भारा मी वर नेऊन दिला, आणि त्यांनी मला बसवूनच घेतलं. गवताचं कडं, हिरवी बारीक तार, बागेतली कात्री, बस. नॉर्डमान जातीच्या फरच्या फांद्या घ्यायच्या, त्यांच्या सुया उशिरा गळतात. स्प्रूस घेतला तर उबदार घरात आठवड्यात टेबल झाडत बसावं लागतं. फांद्या वीतभरापेक्षा लहान कापायच्या. तीन-चारांची जुडी कड्यावर ठेवायची, तारेचे दोन-तीन घट्ट वेढे द्यायचे, पुढची जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकेल अशी बसवायची. तार मध्ये तोडायची नाही. आतल्या बाजूला फांद्या कमी, बाहेर जास्त.

तिसऱ्या जुडीला माझ्या लक्षात आलं, हे मी पाहिलंय. आमच्या साताऱ्याच्या घरी आजी गजरा असाच बांधायची. फुलं ठेवायची, दोऱ्याचा वेढा, पुन्हा फुलं. दोरा एकच.

माझा पहिला क्रान्त्स एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला टक्कल पडलेला होता. आजी म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तार सैलच राहते. पुढच्या वर्षी या." अडीच तास गेले होते. त्या अडीच तासांत त्यांनी मला त्यांचे यजमान कसे गेले ते सांगितलं. तीन वर्षं एका जिन्यात राहून आम्ही तोवर फक्त 'गुटेन टाग' म्हणत होतो.

आता तोरणाबद्दल.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसायचे. मध्ये वर्तमानपत्र, त्यावर झेंडूचा ढीग. आई फुलं ओवायची, मी आंब्याची पानं पुसून द्यायचो, बाबा मोठ्या सुईत दोरा घालायचे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. घरी फार बोलायचे नाहीत. त्या संध्याकाळी बोलायचे. कुठल्या गाडीला कसला हार घातला, कोणाची बदली झाली, असं काहीबाही.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी आईला ऑनलाइन तोरण पाठवलं. कापडी झेंडू, प्लॅस्टिकची पानं, धुता येणारं. हेतू चांगला होता. आईचे गुडघे दुखतात, तिने स्टुलावर चढू नये. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. आई आत टीव्हीसमोर, बाबा बाहेर फोनवर. म्हटलं, "काय चाललंय?" आई म्हणाली, "काही नाही रे. सगळं तयारच आहे."

मी त्यांची दीड तासाची मेहनत वाचवली होती. तेवढ्याच दीड तासासाठी ती दोघं वर्षातून एकदा समोरासमोर बसायची.

लोकांचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: खऱ्या फांद्या तोडण्यापेक्षा प्लॅस्टिक पुन्हा पुन्हा वापरलेलं बरं नाही का? तुमच्याकडे आधीच असेल तर जरूर वापरा, फेकू नका. पण नवं घेताना हे कारण देऊ नका. इथे ख्रिसमसची झाडं विकणारे खालच्या छाटलेल्या फांद्या बऱ्याचदा फुकट देतात. जानेवारीत तार सोडवली की फांद्यांचं खत होतं, गवताचं कडं पुढच्या वर्षी चालतं. तारेवर गुंडाळलेल्या प्लॅस्टिकचा धड पुनर्वापरही होत नाही.

दुसरा: मेणबत्तीने आग लागते. खरं आहे. सुकलेला फर भसकन पेटतो. मेणबत्तीखाली पत्र्याची वाटी हवी आणि खोलीत माणूस हवं. घरात लहान मूल असेल तर खुशाल एलईडी लावा. मला इथे वाद घालायचा नाही.

तिसरा आमच्या मराठी ग्रुपवरचा: आपल्याला काय करायचंय त्यांच्या सणाचं? अहो, विखर्नलाही हे वारशाने मिळालं नव्हतं. त्याने जुनं चाक उचललं आणि केलं. हातात फांद्या घेऊन शेजारच्या आजींजवळ बसायला धर्म बदलावा लागत नाही. आणि हे विचारणाऱ्यांच्या दारावर कुठलं तोरण आहे, तेही एकदा बघून येतो.

चौथा आक्षेप मात्र लागला, कारण तो आईचा होता. यंदा नवरात्रात मी तिला फोनवर ऐकवलं की ते प्लॅस्टिक काढ, खरं तोरण बांध, त्यात किती अर्थ आहे वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "मंडईत जायचं मी, पानं आणायची मी, ओवायचं मी, दुसऱ्या दिवशी कचरा काढायचा मी. अर्थ तू सांगणार. तू ये आणि बांध."

घरी करण्याचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक पुरुषाने हे वाक्य भिंतीवर लावावं. मीही लावलंय. घरगुती, पारंपरिक, अस्सल हे शब्द बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी गुडघ्यांवर उभे असतात. म्हणून 'घरी बनवा' एवढंच मी सांगणार नाही. स्वतः बनवा, आणि कोणाला तरी शेजारी बसवून बनवा. ज्या नर्सची डबल ड्यूटी आहे तिने फुलवाल्याकडून विकत घ्यावा, तोही सुकतोच. पण आपण, जे रात्री दोन तास रील्स बघतो आणि वेळ नाही म्हणतो, त्यांना ही सवलत नाही.

रविवारी माझा तिसरा क्रान्त्स झाला. या वेळी तार घट्ट आहे. आजींचा हात आता थरथरतो, त्यामुळे जुड्या त्या करतात आणि वेढे मी देतो. पहिली मेणबत्ती लावून मी बाबांना फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "गाठ कुठे मारली?"

पुढच्या दसऱ्याची रजा मी टाकली आहे. मॅनेजरने विचारलं, इतक्या आधी? म्हटलं, हो, स्टुलावर चढायचंय.