सुपा एमआयडीसीत रविवारी ड्युटी लागली, तर डबल पगार मिळतो का?

पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना दोन प्रश्न हमखास पडतात. रविवारी बोलावलं तर जावंच लागतं का? आणि गेलो तर डबल मिळतं का?

आधी एक गैरसमज दूर करू. कायद्याने मिळणारा हक्क रविवारचा नाही, तो आठवड्यातल्या एका दिवसाचा आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात सुट्टीचा दिवस रविवारच धरला होता. पण आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देऊन मालक रविवारी काम लावू शकत होता. मात्र सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम घेता येत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा इतिहासजमा झाला. आता व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचं कलम २६ सांगतं, की कुठल्याही आठवड्यात कामगाराकडून सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेता येणार नाही.

वाचायला छान वाटतं. पण गणित करून बघा. या आठवड्यात तुम्हाला पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी सुट्टी दिली आणि पुढच्या आठवड्यात शेवटच्या दिवशी, म्हणजे शनिवारी. दोन्ही आठवड्यांत काम सहाच दिवस झालं, तरी मधे सलग बारा दिवस भरले! जुन्या कायद्यातलं दहा दिवसांचं कुंपण या कलमात फक्त मोटार वाहतुकीच्या कामगारांपुरतं उरलंय. सगळ्यांसाठी ते नियमांमधून परत यायला हवं. नव्या संहितांवर कामाच्या तासांची चर्चा भरपूर झाली, या फटीची मात्र फारशी झाली नाही.

आता डबलचं. रविवार आहे म्हणून डबल मिळत नाही. मंगळवारी सुट्टी घेऊन रविवारी आलात, तर तो साधा कामाचा दिवस. ठरलेल्या तासांच्या वर काम झालं तर तो ओव्हरटाइम आणि त्याचा दर दुप्पट. साप्ताहिक सुट्टी न देता सातव्या दिवशी बोलावलं, तर आठवड्याची ४८ तासांची मर्यादा बहुतेक वेळा ओलांडली जातेच. आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते, हे कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारालाही हे सगळं लागू आहे. मात्र सुपरवायझरचं काम आणि पगार महिना १८ हजारांवर असेल, तर तुम्ही या संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ राहत नाही. बढतीचं पत्र घेताना हे माहीत असलेलं बरं.

या सुट्टीसाठी झगडा झालाय, तोही आपल्याच राज्यात. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. गिरणी मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० ला. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून सुट्टी त्याच दिवशी हवी, अशी मांडणी लोखंडेंनी केल्याचं सांगतात. पारनेरकरांना हे वेगळं समजावायला नको, पिंपळगाव रोठ्याचा कोरठण खंडोबा याच तालुक्यातला.

कारखान्यांपेक्षा अवघड स्थिती पारनेरच्या बाजारपेठेतल्या दुकानांची, हॉटेलांची आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवडाभर उघडं ठेवायला परवानगी दिली, पण प्रत्येक कामगाराला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली. तिचा पगार कापता येत नाही. अडचण अशी की हा कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा २० वर नेली. दहा ते एकोणीस कामगार असतील, तर केंद्राच्या संहितेचा आधार आहे. पण तीन-चार पोरं ठेवणाऱ्या किराणा दुकानाचं काय? तिथे वेतन संहितेचं कलम १३ उरतं. सात दिवसांत एक दिवस विश्रांती, त्याचा पगार आणि त्या दिवशी काम केल्यास ओव्हरटाइमच्या दराने पैसे, अशी तरतूद सरकार ‘करू शकतं’ असं ते म्हणतं. करायलाच हवी, असं म्हणत नाही. म्हणजे ज्याच्या पाठीशी युनियन नाही, त्याचीच सुट्टी सगळ्यात कच्च्या धाग्यावर.

भांडायची वेळ आलीच, तर तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही. शिफ्टचं वेळापत्रक, हजेरीचे फोटो, ‘उद्या या’ असे व्हॉट्सॲप मेसेज आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. बदली सुट्टी कोणत्या तारखेची, हे लेखी मागा. सुट्टीच्या आणि ओव्हरटाइमच्या तक्रारीसाठी अहिल्यानगरचं सहायक कामगार आयुक्त कार्यालय आहे. कारखान्यातले कामाचे तास आणि सुरक्षा हा विषय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येतो. एकट्याने अर्ज करायला भीती वाटत असेल, तर चार-पाच जणांनी मिळून सही करा.