आधी आकडा सांगा

आरोग्य विम्याच्या माहितीपत्रकात एक आश्वासन हमखास असतं. उपचार कुठंही घ्या, पैसे मिळतील. रुग्णालय कंपनीच्या यादीतलं असेल तर कॅशलेस. यादीबाहेरचं असेल तर आधी तुम्ही भरा, मग परतावा मागा. वाचायला किती सोपं! पण या 'आधी' आणि 'मग'च्या मधे सामान्य माणसाची काय अवस्था होते, त्याबद्दल आज थोडं लिहितो.

यादी करण्याला माझा विरोध नाही. कंपनी रुग्णालयांशी दर ठरवून घेते, त्यामुळे बिलाला लगाम बसतो. कुणीही कितीही बिल लावावं आणि कंपनीनं मुकाट्यानं द्यावं असं झालं, तर पुढच्या वर्षी हप्ता आपल्याच खिशातून वाढणार. हे मान्य. मोतीबिंदू, अपेंडिक्स अशा नेहमीच्या ऑपरेशनांना ही यादी पुरतेही. अडचण येते ती मोजकेच डॉक्टर करतात अशा ऑपरेशनला. यादी दर बघून बनते. रुग्णाला मात्र हात बघून डॉक्टर निवडावा लागतो.

आमच्याकडे २०२२ च्या दिवाळीनंतर सौ.च्या उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आणि वीज चमकल्यासारखं दिसू लागलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याचा पडदा सरकतोय. मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो अजून जागेवर आहे. तो सुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, उद्याच पुण्याला जा. त्यांनी ज्या सर्जनचं नाव दिलं त्यांचं रुग्णालय यादीत नव्हतं. यादीतल्या रुग्णालयात फोन केला, तर तिथले पडद्याचे डॉक्टर ठरावीक वारीच येत. नंबर चार दिवसांनी होता. आता यात निवड कसली? मुदत ठेव मोडली आणि पुणं गाठलं.

ऑपरेशन चांगलं झालं. नंतरचे आठ दिवस बिचारी मान खाली घालून, पालथी झोपून काढली. आज ती सुईत दोरा ओवते. यापुढे पैशाचं काही वाटत नाही. पण बिल झालं १,१२,००० रुपये. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, सगळं लावून फाइल पाठवली. दोनदा शंका विचारून झाल्या. अडीच महिन्यांनी जमा झाले ७४,००० रुपये. बाकीच्या ३८,००० पुढे अर्धी ओळ होती, 'वाजवी आणि प्रचलित दरापेक्षा जास्त'. वाजवी दर म्हणजे किती, हे मी पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, पण त्यात आकडा नव्हता.

मी आयुष्यभर पेपर काढले आणि तपासले. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे गुण छापलेले असतात. मुलाला आधीच ठाऊक असतं, हा प्रश्न पाचाचा, तो दहाचा. तपासून झाल्यावर गुण ठरवणारा मास्तर तुम्हाला चालेल का? इथे नेमकं तेच होतं.

पैसे कापले याचं मला फारसं दुःख नाही. पहिल्याच दिवशी कंपनीनं सांगितलं असतं, की या ऑपरेशनला आम्ही पुण्यात ७४,००० देतो, तरी आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो असतो. पण ज्याच्याकडे मोडायला ठेव नाही, त्याचं काय? कोणी उसने देईलही, पण परत किती मिळणार हे माहीत नसताना तो उसने घेणार कसे? तो चार दिवस थांबणार. यादीबाहेर जाण्याची मुभा कागदावर सगळ्यांना आहे, प्रत्यक्षात ती गाठीशी पैसा असणाऱ्यालाच आहे.

तेव्हापासून काही सुधारणा झाल्या, त्याही सांगायला हव्यात. २५ जानेवारी २०२४ पासून सामान्य विमा परिषदेनं यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय जाहीर केली. ठरवून केलेल्या ऑपरेशनची सूचना कंपनीला ४८ तास आधी द्यायची, तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत. त्याच वर्षी मे महिन्यात विमा नियामकानं कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायला सांगितलं. पाऊल चांगलं आहे. पण त्या रुग्णालयाची तयारी हवी आणि निदान १५ खाटा हव्यात. डोळ्यांची कित्येक चांगली रुग्णालयं चार-सहा खाटांचीच असतात!

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी रुग्णालयांना दरपत्रक लावायला सांगितलंय. मग विमा कंपनीला का नको? प्रमुख शस्त्रक्रियांना कुठल्या शहरात किती रक्कम देणार, हे पॉलिसीसोबत छापून द्यावं. ऑपरेशन कोणीही करो, तेवढी रक्कम मिळेल. वरचे पैसे द्यायचे की नाही, ते रुग्ण ठरवेल. यात कंपनीचा एक रुपयाही जास्त जात नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर यादीबाहेर जायची वेळ आलीच, तर डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. तो कंपनीला ईमेलनं पाठवून 'यातले किती देणार?' असं लेखी विचारा. उत्तर नाही आलं, तरी विचारल्याचा पुरावा राहतो. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. पैसे कापले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

असो. कोणाला असा अनुभव आला असेल, तर तो आकड्यांसकट लिहून ठेवा. कंपनी आकडे सांगत नाही, निदान आपण तरी एकमेकांना सांगू.