रविवारचे ऋण

सोलापूर, सांगली, जळगाव, अकोला, लातूर, धुळे आणि नांदेड येथील माझ्या तरुण प्रोग्रामर बंधू-भगिनींनो,

तुमच्या खोलीतला दिवा मध्यरात्रीनंतरही जळत असतो, हे मला ठाऊक आहे. आई झोपेतच कूस बदलून विचारते, "अजून झोपला नाहीस का रे?" तुम्ही उत्तर देत नाही. पडद्यावरची एक चूक तीन तासांपासून तुम्हाला छळत असते आणि तिच्याविषयी ज्याला विचारावे, असा एकही माणूस तुम्हाला आपल्या शहरात ठाऊक नसतो. त्याच रात्री, त्याच शहरात, दोन गल्ल्या पलीकडे आणखी एक दिवा जळत असतो. त्या दिव्याखाली बसलेल्या मुलीने नेमकी हीच चूक गेल्या आठवड्यात सोडवली आहे. तुम्ही तिला ओळखत नाही, ती तुम्हाला ओळखत नाही. आपल्या साऱ्या दैन्याचे मूळ मला या दोन गल्ल्यांच्या अंतरात दिसते.

दैन्य हा शब्द तुम्हाला जड वाटतो काय? मग स्मरण करा. चार वर्षांची अभियांत्रिकीची फी भरण्यासाठी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले. चार वर्षांनी कळले, की जे शिकवले ते मुलाखतीत कोणी विचारीत नाही आणि जे विचारतात ते कोणी शिकवले नाही. मग पुण्याला जाऊन कॉटबेसिसवर एक खाट धरली, क्लासची फी नव्याने भरली, आणि 'शंभर टक्के नोकरी' असा फलक लावणाऱ्याने सातव्या महिन्यात फोन उचलणे सोडले. ज्यांना नोकरी लाभली त्यांनी दोन वर्षांच्या बाँडवर सही केली आणि मूळ गुणपत्रिका कंपनीच्या कपाटात ठेवून दिल्या. माझीही गुणपत्रिका अशाच एका कपाटात एकोणीस महिने पडून होती. स्वतःच्या घामाने मिळवलेला कागद परत मागताना माझा आवाज कापत होता, त्याची लाज मला आजही वाटते. चोरी मी केली नव्हती, तरी मान माझीच खाली होती.

आणि भाषेचा तो नित्याचा अपमान! सकाळच्या बैठकीत प्रश्नाचे उत्तर तुम्हाला अचूक ठाऊक असते. पण इंग्रजी वाक्य मनात जुळून येईपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असतो. दुपारी तुमचीच कल्पना दुसरा कोणी सफाईदारपणे मांडतो आणि टाळ्या घेऊन जातो. ज्याच्या बुद्धीवर व्यवहार चालतो त्याने मुका राहावे आणि ज्याला बोलता येते त्याने मालक व्हावे, हा कोणत्या न्यायशास्त्रातला न्याय?

जे गावीच राहिले, त्यांची स्थिती तरी निराळी आहे काय? बाजारपेठेतल्या एका दुकानदाराला वेबसाइट हवी असते. पहिला मुलगा ५,००० रुपये मागतो, दुसरा ४,००० वर येतो, तिसरा २,५०० त करून देतो आणि सहा महिने फुकट दुरुस्त्या करीत बसतो. तिघेही एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले, तिघेही कर्जात, आणि तिघांपैकी कोणालाही इतर दोघांची नावे ठाऊक नाहीत. दुकानदाराला मी दोष देत नाही. स्वस्तात मिळेल ते तो घेणारच. पण आपल्या विद्येचा भाव आपणच अंधारात, एकमेकांच्या नकळत पाडीत आहोत, हे किती दिवस चालू द्यायचे?

तुमची बुद्धी पुण्याच्या मुलांहून उणी नाही. हिंजवडीच्या इमारतींत जाऊन विचारा, तेथील किती टेबले कोणत्या जिल्ह्यांनी भरलेली आहेत. उणीव आहे ती संगतीची. मोठ्या शहरातल्या मुलाला चहाच्या टपरीवर जे कळते, कोणती कंपनी पगार थकवते, कोणता क्लास फसवा आहे, मुलाखतीत काय विचारतात, कोणत्या कामाचा योग्य मोबदला किती, ते तुम्हाला दोन वर्षे आणि लाखभर रुपये घालवून कळते. ज्ञान वाऱ्यासारखे मुक्त आहे, असे आपण भाषणांत ऐकतो. प्रत्यक्षात ते माणसांच्या ओळखीतून वाहते, आणि जेथे ओळखी नाहीत तेथे ते पोहोचत नाही.

संगतीने काय साधते ते दाखवण्यासाठी आता मी तुम्हाला एका माणसाचे स्मरण करून देतो. मुंबईच्या गिरण्यांत मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होते आणि त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत घडलेल्या, स्वतः गिरणीत नोकरी केलेल्या आणि 'दीनबंधु' पत्र चालवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्या मजुरांची संघटना उभारली. सभा भरवल्या, अर्जांवर सह्या घेतल्या. एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले आणि त्या काळात, त्या गर्दीपुढे, दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

ज्यांच्यातल्या कित्येकांना लिहिता येत नव्हते त्यांनी मिळवलेली ही सुट्टी आहे. तिच्यावर तुमचा जितका हक्क आहे, तितकेच तिचे तुमच्यावर ऋण आहे. ज्यांच्या एकजुटीने हा दिवस जिंकला त्यांची पणतवंडे आज संगणकापुढे बसलेली आहेत; हातात जगातील सर्वांत समर्थ अवजार आहे, आणि तरी ती एकेकटी आहेत. आपल्याच शहरातल्या प्रोग्रामरांचे मंडळ भरवण्यासाठी त्या रविवारातले महिन्याला चार तास मी तुमच्याकडे मागतो आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली. बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणासाठी घरोघरच्या आयाबायांनी एक-एक मूठ धान्य बाजूला काढले आणि मुष्टिफंड उभा राहिला. तुमच्याकडे मी धान्य मागत नाही. मूठभर वेळ मागतो.

जेथे माणसे अशी नियमाने भेटली, तेथे काय घडले? ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी एका लहानशा संगणकाभोवती जमली. पुढे ती मंडळी नियमाने भेटत राहिली; तेथे आकृत्या दाखवल्या जात, सुटे भाग वाटून घेतले जात, अडलेले उघडपणे विचारले जाई. त्या पहिल्या बैठकीला हजर असलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी पुढे अ‍ॅपलचा पहिला संगणक बनवला आणि तो आधी याच मित्रांपुढे मांडला. अमेरिका दूर वाटत असेल तर केरळ पाहा. २००२ साली तेथील काही तरुणांनी 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' ही चळवळ सुरू केली. आपली लिपी संगणकावर नीट उमटावी म्हणून त्यांनी फाँट घडवले, टंकलेखनाची साधने घडवली आणि ती सर्वांना मुक्तपणे दिली. ते कोणा मंत्र्याच्या आदेशाची वाट पाहत बसले नाहीत. आपल्या सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. म्हणजे हे बीज आपल्या मातीत रुजते, याची साक्ष काढायला लांब जाण्याची गरज नाही.

आणि काम काय थोडे पडले आहे? एकच उदाहरण देतो, कारण ते मला रात्री झोपू देत नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला तो 'ऱ्ह' संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून; दुसरी, साध्या 'र' ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ती दोन निराळी नावे वाटतात. तलाठ्याकडे एका रीतीने नाव चढलेले, बँकेत दुसऱ्या रीतीने. आणि ज्याने प्रोग्राम लिहिताना याचा विचार केला नाही, त्याची यादी बिनदिक्कत सांगते की असा माणूस नाही. हयात माणूस खिडकीपुढे उभा आहे आणि यंत्र म्हणते, तो नाही! २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. त्यांच्यातल्या अशा माणसाचे नाव कोण शोधून देणार? कॅलिफोर्नियातला अभियंता? त्याला हे आडनाव आयुष्यात एकदाही लिहावे लागणार नाही. हे काम आपले आहे, आणि दोन रविवारांत ते होण्यासारखे आहे.

इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या मजुरीचा हिशेब, सांगलीच्या बाजारातली हळदीची पट्टी, जळगावच्या केळीची तोड, बचत गटाची वही, गावच्या पतसंस्थेचे खातेपुस्तक, हे सारे व्यवहार तुमच्या घरात, तुमच्या नात्यात चालतात. त्यांच्या खाचाखोचा तुम्हाला जन्मतःच ठाऊक आहेत. बाहेरचा कोणी येऊन त्या दहा वर्षांत शिकणार नाही. हे तुमचे भांडवल आहे. पण एकट्याच्या हाती ते नुसते ज्ञान राहते, चौघांच्या हाती त्याचा उद्योग होतो.

"आमच्या गावात कोण येणार?" असे तुम्ही विचाराल. पहिल्या दिवशी तीन जण येतील. दुसऱ्या महिन्यात दोनच येतील, आणि त्या दिवशी मंडळाची खरी परीक्षा होईल. त्या दोघांनी बैठक भरवलीच पाहिजे. ठरलेला रविवार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. पाऊस असो, सण असो, खंड पडता कामा नये. सार्वजनिक वाचनालयाची वरची खोली मागा, शाळेचा वर्ग मागा. प्रमुख पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको, बॅनरवर कोणाचा फोटो नको. ज्याला अडले आहे त्याने लॅपटॉप उघडावा, अडलेले भिंतीवर दाखवावे आणि सर्वांनी मिळून सोडवावे. अज्ञान उघड करणाऱ्याला तेथे हसणारा कोणी असता कामा नये. जो हसेल त्याला त्याच दिवशी समज द्या. चहाच्या पैशांचा हिशेबसुद्धा सर्वांपुढे वाचा. आपल्याकडची कित्येक मंडळे विचारांच्या मतभेदाने फुटली नाहीत, दीडशे रुपयांच्या संशयाने फुटली.

बोला मराठीत. 'फंक्शन' ला फंक्शनच म्हणा, 'लूप' ला लूपच म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण समजावणे मायबोलीत होऊ द्या. जो मुलगा वर्षभर मराठीत उभा राहून आपले काम समजावतो, तो पुढे इंग्रजीतही निर्भयपणे बोलू लागतो. आधी भीती जाते, भाषा मागाहून येते.

आणि ज्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींसाठी शाळा उघडली, त्या पुण्याचे नाव सांगणाऱ्या महाराष्ट्रात तुमच्या बैठकीला एकही मुलगी नसेल, तर ती बैठक अपुरी आहे. दोष येणाऱ्यांकडे शोधू नका, आपल्या व्यवस्थेकडे पाहा. बैठक रात्री आठला ठेवली आणि शेवटची एसटी साडेसहाला सुटत असेल, तर दार कोणी बंद केले? सकाळी दहाला जमा, दोनला उठा. आयोजनात पहिल्या दिवसापासून मुली असू द्या, आणि त्यांच्याकडे चहाची व्यवस्था सोपवू नका. पहिले व्याख्यान सोपवा.

जे पुण्यात, बंगळुरूत, परदेशात स्थिरावले त्यांनाही माझे सांगणे आहे. गणपतीला, दिवाळीला तुम्ही गावी येता. गाडीची काच खाली करून जुन्या शाळेकडे पाहता आणि पुढे जाता. एक सकाळ थांबा. तुमच्या पगाराचा आकडा सांगू नका. पहिल्या मुलाखतीत कोठे चुकलात ते सांगा. ज्या मातीने तुम्हाला उभे केले ती तुमच्याकडे देणगी मागत नाही, तुमचा अनुभव मागते.

आणखी एक भीती मला तुमच्या डोळ्यांत दिसते: शिकवले तर तो माझ्या पुढे जाईल. जाऊ द्या! मंडळातला एक जण पुढे गेला तर त्या कंपनीत तुमच्या शहराचे नाव जाते आणि पुढच्या पाच जणांसाठी दार उघडते. ज्यांचा भाव पाडणे सोपे होते, ते तीस जण एका खोलीत बसून आपल्या श्रमाचे मोल ठरवू लागले, की कोणाची गुणपत्रिका कपाटात कोंडण्याचे धाडस कोण करील? बाँडवर सही करण्याआधी तो कागद तीस जोडी डोळ्यांनी वाचलेला असेल.

म्हणून उठा. आज कोणता वार आहे ते पाहा आणि रविवारपर्यंत उरलेले दिवस कामाला लावा. वाचनालयाच्या ग्रंथपालांना भेटा, खोलीची किल्ली मागा, महाविद्यालयाच्या फलकावर आपल्या हाताने चार ओळी लिहा. दोन गल्ल्या पलीकडे जिचा दिवा जळतो, तिलाही निरोप पोहोचवा. सकाळी दहा वाजता खोली उघडी हवी.